रब्बीची रात्रपाळी : शेतात फोन न्यायचा तो कसा

ज्वारी पोटरीत येते, गहू-हरभऱ्याला पाळ्या सुरू होतात, उसाला तोड लागते, द्राक्षावर फवारण्या चालू असतात. मार्गशीर्ष-पौषात सोलापूर जिल्ह्यातलं रान रात्रीही जागंच असतं. मोटारीला लागणारी थ्री फेज लाइट ज्या आठवड्यात रात्रीची, त्या आठवड्यात जेवून-खाऊन दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला निघायचं आणि उजाडायला घरी यायचं. सौर पंप आलेत त्यांची यातून सुटका झाली. बाकीच्यांसाठी हा सल्ला.

फोन आता सगळ्यांकडेच असतो. पण संध्याकाळभर त्यावर व्हिडिओ पाहायचे, रात्री त्याच्याच उजेडात वाफे बघायचे, आणि दोन वाजता पायाला काही डसलं की चार्जिंग चार टक्के. असा फोन जवळ असून नसल्यासारखा. रानात उजेडासाठी वेगळी बॅटरी न्या, डोक्याला बांधायची मिळाली तर उत्तम, दोन्ही हात मोकळे राहतात. जमत असेल तर रानासाठी बटणाचा साधा फोनच ठेवा. एकदा चार्ज केला की दोन-तीन दिवस बघावं लागत नाही आणि चिखलात पडला तरी जीव हळहळत नाही. फक्त घेताना एक पाहा : जुन्या टूजी फोनमध्ये जिओचं सिम चालत नाही. त्याला एअरटेल, व्हीआय किंवा बीएसएनएलचं सिम लागतं. त्यातही तुमच्या रानात ज्याची रेंज येते तेच घ्या. गावात पारावर फुल रेंज असून उपयोग नाही, विहिरीपाशी येते का ते बघा.

फोन शर्टाच्या वरच्या खिशात ठेवू नका. वाकलं की तो थेट पाटात जातो, नाहीतर विहिरीत. पिशवीत घालून, तोंड घट्ट बांधून कमरेला लावा. बांधावर चपलांशेजारी ठेवलेला फोन तर नसल्यातच जमा. ज्याला शॉक बसलाय किंवा ज्याचा पाय ट्रॉलीखाली आहे, तो बांधापर्यंत जाणार कसा?

रेंजचं गणित आधीच मांडून ठेवा. विहिरीत, ओढ्यात, खोलगट रानात फोन लागत नाही. वर टेकाडावर, कालव्याच्या भरावावर लागतो. आपल्या रानात फोन हमखास कुठे लागतो, ती जागा दिवसा हिंडून शोधा आणि घरातल्या सगळ्यांना, सालगड्यालाही दाखवा. रेंज कमजोर असली की फोन टॉवर शोधत बसतो आणि चार्जिंग झपाट्याने उतरतं. अशा रानात फोन फ्लाइट मोडवर टाकून ठेवलेला बरा, मात्र मग घरून आलेला फोन लागणार नाही, हे घरी सांगून ठेवा. कॉल लागत नसेल तर साधा एसएमएस करून बघा. तुटक्या रेंजमध्येही तो पुष्कळदा जातो. आणि आपल्या कंपनीची रेंज शून्य असली तरी पडद्यावर ‘फक्त आपत्कालीन कॉल’ असं दिसत असेल, तर ११२ दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून लागू शकतो. लावून बघितल्याशिवाय हार मानू नका.

आता नंबर. ११२ वर पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका अशी सगळी मदत मिळते. १०८ ही रुग्णवाहिका. दोन्ही फुकट. तार तुटून पडली असेल तर महावितरणचा १९१२. २०१७ पासून विकल्या गेलेल्या फोनमध्ये संकटाच्या बटणाची सोय असायला हवी असा केंद्राचा नियम आहे : साध्या फोनवर ५ किंवा ९ चं बटण दाबून धरायचं, स्मार्टफोनवर पॉवरचं बटण पटापट तीनदा. तुमच्या हँडसेटवर ते कसं चालतं, हे सेटिंगमध्ये आत्ताच पाहून ठेवा. पोरांना विचारा, त्यांना दोन मिनिटं लागतात.

लोक अडकतात ते नंबर लागल्यानंतर. १०८ चा फोन पुण्यात उचलला जातो, ११२ चा नवी मुंबईत किंवा नागपुरात. तिथे बसलेल्या माणसाला ‘वरच्या मळ्यात, नानांच्या वस्तीवर या’ म्हटलं तर काय कळणार? नुसतं गावाचं नाव सांगूनही भागत नाही. शेटफळ मोहोळ तालुक्यात आहे, करमाळ्यातही आहे. टाकळी म्हणाल तर सिकंदर की टेंभुर्णी? वांगी तर एकट्या करमाळ्यात नंबर घातलेल्या चार आहेत. म्हणून क्रम पाठ करा : जिल्हा, तालुका, गाव, मग वस्ती, मग डांबरी रस्ता कुठे सोडायचा. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, कारण गाडी चुकते ती तिथेच. गट नंबर सांगू नका, तो तलाठ्याला कळतो, ड्रायव्हरला नाही. कालव्याचा पूल, चारी, डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर), खंडोबाचं देऊळ, दूध डेअरी अशी रात्री गाडीच्या उजेडात दिसणारी खूण सांगा.

बोलणं साधारण असं व्हावं : ‘जिल्हा सोलापूर, तालुका मोहोळ, गाव अमुक. गावातून पंढरपूरकडे निघालं की कालव्याचा पूल लागतो. पूल ओलांडला की डावीकडे डीपी आहे, तिथे आमचा माणूस बॅटरी घेऊन उभा आहे. साप चावलाय, माणूस शुद्धीवर आहे, वय पंचावन्न.’ एवढं एका दमात सांगता आलं पाहिजे. घाबरलेल्या माणसाला ऐन वेळी सुचत नाही, म्हणून पत्त्याची पहिली तीन वाक्यं कागदावर लिहून वस्तीवरच्या भिंतीला चिकटवा. घरी म्हातारी आणि शाळेतली पोरंच असतील तर हे हवंच. सांगून झालं की फोन हातातच ठेवा आणि त्यावरून दुसऱ्या कुणाला लावत बसू नका. रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर त्याच नंबरवर परत फोन करतो, आणि तेव्हा तुम्ही पाहुण्यांना खबर देत असाल तर लाइन बिझी लागते. पाहुण्यांना दुसऱ्या फोनवरून कळवा.

भिजलेल्या काळ्या रानात गाडी येणार नाही हे धरूनच चाला. पेशंटला बाजेवर घालून रस्त्यापर्यंत आणायची चार माणसं आणि गावातल्या जीपवाल्याचा नंबर तयार ठेवा. रुग्णवाहिका लांब असेल तर जीप आधी पोहोचते, आणि वाटेत गाठ पडली तर पेशंट बदलून घेता येतो.

स्मार्टफोन असेल तर व्हॉट्सअपवरून निघतानाच घरी लाइव्ह लोकेशन पाठवा. ते जास्तीत जास्त आठ तास चालतं, म्हणजे एक रात्रपाळी निघते. नेट नसलं तरी जीपीएस चालतं. नकाशात आपल्या जागेचे अक्षांश-रेखांश दिसतात, ते एसएमएसने पाठवता येतात. तरीही घरच्यांशी वेळ ठरवून ठेवा. दोनला फोन आला नाही आणि लागतही नाही, तर कुणीतरी उठून रानात जायचं.

या दिवसांतली मोठी भीती सापाची. घोणस उसात, पाचटाखाली, बांधाच्या कडेला पडलेली असते. मण्यार रात्री फिरते आणि खळ्यावर किंवा कोपीत (ऊसतोड्यांच्या खोपटात) खाली झोपलेल्याला चावते. तिच्या चाव्याची खूणही नीट दिसत नाही, दुखतही नाही, पहाटे पोटात दुखायला लागतं आणि पापण्या मिटायला लागतात. साप शोधत, मारत बसू नका, त्याचा फोटो काढायला जवळ तर मुळीच जाऊ नका. फोटो काढायचा तो चाव्याच्या जागेचा. वेळ त्यात आपोआप नोंदली जाते आणि सूज कुठवर चढली हे डॉक्टरला कळतं. दोरी आवळायची नाही, ब्लेड मारायचं नाही, मंत्र-उताऱ्यात वेळ घालवायचा नाही. हातातलं कडं, पायातलं जोडवं काढा. माणसाला चालवू नका, पाय हलू देऊ नका. आपल्याकडे मिळणारी लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर चालते, त्यामुळे साप कोणता हे न कळल्याने उपचार थांबत नाहीत. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात लस असते का आणि रात्री डॉक्टर असतात का, एवढं मात्र आत्ताच विचारून त्यांचा नंबर सेव्ह करा. तिथे नसेल तर सरळ पंढरपूर, अकलूज, करमाळ्याचं उपजिल्हा रुग्णालय, नाहीतर सोलापूरचं सिव्हिल.

द्राक्ष आणि डाळिंबवाल्यांनी फवारणीच्या दिवशी औषधाच्या डब्यावरच्या लेबलचा फोटो काढावा, घटकाचं बारीक अक्षर वाचता येईल असा. कुणाला चक्कर आली, उलट्या झाल्या, तोंडाला फेस आला तर ‘निळ्या डब्यातलं औषध’ एवढ्यावर डॉक्टरला काही करता येत नाही. तो फोटो घरच्या कुणाला तरी पाठवून ठेवा, कारण ज्याच्या फोनमध्ये आहे तोच आडवा झाला तर लॉक उघडायचं कुणी?

फोनवरून मोटार चालू-बंद करणाऱ्या मोबाईल स्टार्टरने सोय झाली तशी जोखीमही आली. मोटार बंद आहे म्हणून एकजण विहिरीत उतरतो, पाइप धरतो, आणि घरी बसलेला पोरगा लाइट आली असं बघून फोनवरून मोटार चालू करतो. ऑटोवर ठेवलेला स्टार्टर तर कुणी काही न करताही उचलतो. केबलला, पाइपला, स्टार्टरला हात लावण्याआधी मेन स्विच पाडा, किटकॅट (फ्यूज) काढून स्वतःच्या खिशात टाका. मगच उतरा. कुणाला शॉक बसला तर फोन नंतर, आधी लाइट तोडा. हाताने ओढायला जाल तर दोघं जाल.

आभाळातल्या विजेचा प्रश्न मार्च-एप्रिलच्या अवकाळीत येईल, ज्वारीची काढणी आणि बेदाण्याचे शेड उभे असताना. खिशातला मोबाईल वीज ओढून घेत नाही. चार्जिंगला लावून कानाला धरलेला फोन मात्र धोक्याचा, कारण तो तारेला जोडलेला असतो. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं ‘दामिनी’ ॲप जवळपास वीज पडण्याचा इशारा देतं. ते घालून ठेवा, आणि इशारा आला की झाडाखाली न थांबता पक्क्या घरात या.

ऊसतोडीच्या टोळ्या बाहेरगावच्या असतात. त्यांना ना गावाचं नाव नीट माहीत, ना रस्ता. मुकादमाच्या फोनवर भागवू नका. तोही पुष्कळदा दुसऱ्या फडावर असतो. ज्याच्या रानात कोप्या पडल्या आहेत त्याने तो पत्त्याचा कागद कोपीतही द्यावा, आपला नंबर टाकून, आणि टोळीतल्या वाचता येणाऱ्या एका बाईकडून तो एकदा मोठ्याने वाचून घ्यावा.