खारात मका लावायचाय? मे महिन्यापासून हे बघून ठेवा

खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या जमिनीत, मक्याचं नाव काढलं की लोक आधी हसतात. जिथे भुरा रता (मीठ सोसणारं जुनं भात) पिकायचा तिथे मका काय पिकणार! हसण्यात तथ्य आहे, मका मिठाला भातापेक्षा हळवा. जमिनीचा ईसी (विद्युत वाहकता, म्हणजे मिठाचं माप, डेसिसायमन प्रति मीटरमध्ये) 1.7 च्या वर गेला की पुढच्या प्रत्येक अंकामागे साधारण 12 टक्के उत्पन्न उतरतं. 4 ला पाव भागाहून जास्त गेलं, 6 ला निम्मं. पण भात निघाल्यापासून फेब्रुवारीपर्यंत जमीन उन्हाळ्याच्या मानाने गोडी असते, कारण पावसाने ती धुतलेली असते. मिठाचं धुणं पाऊस फुकट करतो. धुतलेलं पाणी बाहेर काढणं आणि खालचं मीठ परत वर चढू न देणं एवढंच आपल्या हातात आहे. म्हणून तयारी बियाण्यापासून नाही, बांधापासून.

मे महिन्यात, उधाणाच्या भरतीला, बाहेरकाठ्यावरून (खाडीकडच्या मुख्य बांधावरून) एकदा चालत जा. वरून बांध धडधाकट दिसतो. आतल्या अंगाला पायथ्याशी वाकून बघा. अंगठा जाईल एवढं चिंबोरीचं बीळ असेल आणि त्याच्या तोंडाशी ओल असेल, तर तिथेच पुढे खांड पडणार, म्हणजे बांध फुटणार. बीळ नुसतं वरून लिंपून उपयोग नाही, खणून चिकणमातीने ठेचून भरा. मग उघाडी, म्हणजे बांधातलं पाणी सोडायचं झडपेचं दार. झडप ओहोटीला सुटते का आणि भरतीला घट्ट बसते का, दोन्ही बघा. फळीत ओंडका अडकला असेल तर पावसाचं पाणी आत कुजतं आणि खाडीचं आत येतं, म्हणजे दोन्हीकडून मार. हे एकट्याचं काम नाही, सगळ्या खातेदारांना गोळा करावं लागतं. त्यात किती चहा जातो ते विचारू नका.

पावसात भात नेहमीसारखं लावा. खरिपात मका नकोच, बाळरोपाला दोन-तीन दिवस पाणी तुंबलं तरी ते बसतं. भाताच्या खाचरातलं पाणी मात्र अधूनमधून ओहोटीला सोडून नवं भरू द्या, मीठ त्याच्याबरोबर जातं. फूटभर जमिनीतून फूटभर गोडं पाणी पार गेलं की तिच्यातलं सुमारे 80 टक्के मीठ निघतं, असा ढोबळ हिशोब आहे.

दिवाळीच्या सुमाराला मातीचा नमुना द्या: वरची वीत वेगळी, खालची वीत वेगळी. अहवाल हातात आला की आधी विचारा, हा ईसी संपृक्त अर्काचा (पाण्याने पुरती भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याचा) आहे का. माती पाण्यात ढवळून काढलेला आकडा कमी दिसतो, तो 1.7 शी ताडून खूश होऊ नका. दुसरा आकडा सामूचा (पीएच). सामू 8.5 च्या आत आणि मातीच्या कणांना धरून बसलेल्या सोडियमचं प्रमाण (ईएसपी) 15 टक्क्यांच्या आत असेल तर जमीन नुसती खारी आहे, चोपण (सोडियमने बिघडलेली) नाही. तिला जिप्सम नको, दुकानदार कितीही मागे लागला तरी.

कागदापेक्षा माझा भरवसा दोन घमेल्यांवर. एकात खारातली माती, दुसऱ्यात परसातली. दोन्हींत वीस-वीस दाणे टोचा आणि ज्या पाण्यावर पीक काढणार तेच पाणी द्या. आठवड्यात कळतं. परसात अठरा आणि खारात दहाच उगवले, तर यंदा त्या तुकड्यात वाट बघा. स्वीट कॉर्नचं सुरकुतलेलं बी मुळातच नाजूक, त्याची ही परीक्षा चुकवू नका.

पाण्याचा ईसीही मोजून घ्या. एकच्या आसपास असेल तर निर्धास्त, दोनच्या वर असेल तर मका नको. खारात खणलेल्या शेततळ्यात कागद अंथरलेला नसेल तर जानेवारीत तेच पाणी खारट होतं. आणि ते तुषाराने उडवू नका, पानं करपतात.

भात निघाल्यावर वाफसा (नांगरायला जोगी ओल) दोन-चार दिवसच मिळतो. आधी नांगरलं तर चिखल, उशीर केला तर डोक्याएवढी ढेकळं. चिखलणीने खाली बसलेला कडक थर फोडायलाच हवा, नाहीतर मुळं तिथेच वळतात. एकरी चार-पाच टन शेणखत, हाताशी असेल तर गिरिपुष्पाचा पाला, शिवाय आठ-दहा किलो झिंक सल्फेट. पालाश देताना म्युरेट ऑफ पोटॅश टाळा, त्यात क्लोराइड असतं आणि ते आपल्याकडे आधीच पोटभर आहे. सल्फेट ऑफ पोटॅश महाग पडतं, पण घ्या.

सऱ्या 60 सेंटिमीटरवर पाडा आणि बी वरंब्याच्या माथ्यावर टोचू नका. पहिल्या वर्षी मी तेच केलं. तिसऱ्या पाण्यानंतर माथ्यावर रांगोळीची रेघ ओढल्यासारखं पांढरं उमटलं आणि रोपांची टोकं तपकिरी होऊन गुंडाळली. पाणी सरीतून वर चढतं, उन्हात उडतं आणि मीठ माथ्यावर ठेवून जातं. म्हणून बी बगलेला, पाण्याच्या रेषेच्या जरा वर. एका जागी दोन दाणे.

भाताचा पेंढा सगळा विकू नका. रोपं वीतभर झाली की ओळींमध्ये चार बोटं जाड पसरा. जमीन झाकली की बाष्पीभवन कमी आणि मीठ खालीच. पाणी थोडं थोडं पण लवकर लवकर द्या, भेगा पडेपर्यंत थांबू नका. पोंग्यात (वरच्या कोवळ्या पानांच्या सुरळीत) भुसा दिसला की लष्करी अळी समजा.

कुंपण मात्र पेरणीच्या आधी. भात निघाल्यावर गुरं मोकाट सुटतात आणि जानेवारीत अख्ख्या खारात हिरवं म्हणून तुमचा मकाच उभा असतो. नोव्हेंबरच्या मध्याला टोचलेला स्वीट कॉर्न फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात उतरतो. कणसं निघाली की ताटं तिथेच आडवी पाडून ठेवा, मार्चच्या उन्हात जमीन उघडी पडायला नको.