हीट पंप किती किलोवॅटचा घ्यायचा? या चुका टाळा

हीट पंप म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता विजेच्या मदतीने घरात आणणारं यंत्र. ‘जुना गॅस बॉयलर 24 किलोवॅटचा होता, मग हीट पंप निदान 16चा तरी हवाच ना?’ जवळपास प्रत्येक जण हेच विचारतो. नको! बॉयलर एवढा मोठा असतो तो बहुतेकदा नळाला लगेच गरम पाणी यावं म्हणून. घर गरम ठेवायला तेवढी ताकद कधी लागतच नव्हती.

असंच एक घर पाहिलं. 16चा पंप बसवून झालेला, घरचे वैतागलेले. बिल भरमसाट आणि खोल्या कधी गरम, कधी गार. बाहेर 8 अंश होते. मी घड्याळ लावून पंपाशेजारी बसलो. सहा मिनिटं चालायचा, चार मिनिटं बंद. त्या हवेत घराला जेमतेम 3 किलोवॅट पुरत होते आणि पंप 5च्या खाली उतरूच शकत नव्हता. कॉम्प्रेसर झिजतो तो अशाच चालू-बंदने. मग टेप घेऊन एकेक खोली मोजली. भिंती, खिडक्या, छत यांतून जाणाऱ्या उष्णतेची बेरीज कडाक्याच्या थंडीतही 7 किलोवॅट आली. अर्ध्या दिवसाचं काम, पण बसवणाऱ्याने त्याचाच कंटाळा केला होता. ‘थोडा मोठा असलेला बरा’ हा हिशोब नव्हे, हिशोब टाळणं आहे.

मी हा आकडा जुन्या बिलाशी ताडतोच. सर्वांत थंड दिवशी घर तापवायला 200 युनिट (किलोवॅट-तास) गॅस जळाला, बॉयलरची कार्यक्षमता 85 टक्के धरली, तर घरात 170 युनिट आले. भागिले दिवसाचे 24 तास, म्हणजे 7 किलोवॅट. मोठी तफावत दिसली की पुन्हा टेप काढतो.

पंपाच्या माहितीपत्रकावरचा किलोवॅटचा आकडा सहसा बाहेर 7 अंश आणि पाणी 35 अंश असतानाचा असतो. कडाक्याच्या थंडीत, म्हणजे उणे 7ला, पंप किती देतो, ते त्यातल्या तक्त्यात बघा.

रेडिएटर (आतून गरम पाणी फिरवून खोली तापवणारे पत्रे) तेच ठेवायचे असतील तर आधी तपासा. 75 अंशांच्या पाण्यावर 1000 वॅट देणारा रेडिएटर 45 अंशांवर साधारण 350च देतो. मग लोक पाणी 60 अंशांवर नेतात आणि विजेच्या नावाने ओरडतात. मी 45मध्ये भागतं का ते पाहतो. न भागणाऱ्या खोलीत मोठा रेडिएटर लावतो.

पाईप विसरू नका: 7 किलोवॅटला, जाणाऱ्या आणि परतणाऱ्या पाण्यात 5 अंशांचा फरक धरला तर, मिनिटाला 20 लिटर पाणी फिरावं लागतं. बारीक जुन्या पाईपातून ते जात नाही.

आणि पंप लावल्याच्या दुसऱ्याच दिवशी सेटिंगशी खेळू नका. पाण्याचं तापमान एक अंश उतरवा, दोन दिवस थांबा, सगळ्यात गार खोलीत जाऊन बघा, मगच पुढचा अंश.