मॉडेल कारच्या लाइटची काच हरवलीय? क्लिअर रेझिनमध्ये नवी कशी ओतायची, आणि सोबत किस्से कसे जपायचे

जुनं किट हातात येतं, बॉडी असते, चाकं असतात, इंजिन असतं, आणि नेमकी एका हेडलाइटची काच गायब असते. मॉडेल कारवाले चार जण एकत्र बसले की हा विषय निघतोच. कुणाची टेललाइट स्प्रूवरून, म्हणजे पार्ट जोडलेल्या प्लास्टिकच्या चौकटीवरून, कापताना उडून कपाटाखाली गेली, कुणाच्या विंडशील्डवर सुपरग्लूची वाफ बसून पांढुरका थर आला, आणि मग त्यावर कोणी काय केलं हे ऐकता ऐकता तास कसा जातो कळत नाही. मी क्लिअर रेझिन, म्हणजे पातळ असताना साच्यात ओतायचं आणि मग कडक होणारं पारदर्शक प्लास्टिक, ओतायला असंच ऐकून ऐकून शिकलो. म्हणून खाली पायऱ्या सांगताना एखादी गोष्ट कुणाच्या फजितीतून कळली तेही सांगतोय, कारण नुसती कृती वाचून जे डोक्यात बसत नाही ते दुसऱ्याचा फसलेला साचा हातात घेऊन बघितलं की लगेच बसतं.

खेळण्यातल्या गाडीला काच असणं हीसुद्धा एकेकाळी नवलाईच होती बरं का. १९५६ मध्ये कॉर्गी टॉइज आल्या तेव्हा त्यांची जाहिरातच ही होती की आमच्या गाड्यांना खिडक्या आहेत, तोवर बहुतेक डायकास्ट (साच्यात ओतलेल्या धातूच्या) गाड्यांच्या खिडक्या म्हणजे नुसती भोकं. तो एवढासा पारदर्शक तुकडा लागला की गाडी एकदम खरी दिसायला लागते, आणि तो नसला तर रंगकाम कितीही भारी असू दे, नजर तिथेच अडकते.

आधी ठरवा, ओतायचं काय

हेडलाइट, टेललाइट, इंडिकेटर, फॉगलॅम्प, म्हणजे लहान आणि जरा जाड असे पार्ट रेझिनमध्ये मस्त निघतात. विंडशील्डच्या नादी मात्र सुरुवातीला लागू नका. खरी काच साधारण ५ मिलिमीटर जाड धरली तर १:२४ मध्ये, म्हणजे खऱ्याच्या चोविसाव्या भागाएवढ्या मॉडेलमध्ये, ती ०.२ मिलिमीटर होते, इतकं पातळ रेझिन ओतता येत नाही आणि जाड ओतलं तर काच भिंगासारखी दिसते. तिथे पीईटीजी या पारदर्शक प्लास्टिकची पातळ शीट गरम करून साच्यावर ओढणं जास्त चांगलं, पण तो वेगळा विषय आहे.

माप कुठून घ्यायचं? दुसऱ्या बाजूची काच शिल्लक असेल तर प्रश्नच नाही, फक्त ती गोल आहे का बघा, कारण आकार वेडावाकडा असेल तर डावी उजवीकडे बसत नाही. काहीच शिल्लक नसेल तर खऱ्या गाडीवरून हिशोब करा. जुन्या अमेरिकन गाड्यांत १९४० पासून ७ इंची गोल सीलबीम (काच आणि बल्ब एकसंध असलेले) हेडलाइट असायचे, म्हणजे जवळजवळ १७८ मिलिमीटर, त्याला मॉडेलच्या स्केलने भागा, २४ ने भागलं की ७.४ मिलिमीटर, २५ ने भागलं की ७.१, आणि ४३ ने भागलं की ४.१. एका बाजूला दोन-दोन दिवे असलेल्या पुढच्या काळातल्या गाड्यांत पावणेसहा इंची दिवे, ते १:२४ मध्ये ६.१ मिलिमीटर भरतात. हे आकडे वहीत लिहून ठेवा, खूप उपयोगी पडतात.

मास्टर, आणि इथे घाई अजिबात नको

मास्टर म्हणजे ज्याच्यावरून सिलिकॉनचा साचा काढायचा तो मूळ नमुना. मी सगळ्यात जास्त वेळ इथे घालवतो आणि तुम्हीही घालवा. सिलिकॉन इतकं बारीक उचलतं की मास्टरवर बोटाचा ठसा असेल तर तो प्रत्येक काचेवर येतो. साध्या पार्टवर ओरखडा असला तर प्रायमर आणि रंग झाकून घेतो, क्लिअर पार्टला झाकायला काहीच नाही, तुम्ही केलेलं सगळं आरपार दिसतं.

पॉलिश पेपर पाणी लावून वापरा, ६०० पासून सुरू करा, मग १०००, १५००, २०००, ३०००, आणि शेवटी पॉलिशिंग कंपाउंड मऊ कापडावर. प्रत्येक नंबरला घासायची दिशा बदला म्हणजे आधीच्या नंबरचे ओरखडे गेले की नाही ते कळतं. मास्टर तुम्ही स्वतः बनवला असेल तर त्यावर ग्लॉस ब्लॅकचा पातळ स्प्रे मारा, काळ्या चकचकीत पृष्ठभागावर एकूण एक ओरखडा उठून दिसतो. ही युक्ती आमच्या ग्रुपमधल्या एका काकांची. ते म्हणायचे पांढऱ्या प्लास्टिकवर डोळा फसतो, काळ्यावर फसत नाही. (किटमधली मूळ काच मास्टर म्हणून वापरत असाल तर तिला अर्थातच रंग लावू नका.)

साचा

सिलिकॉन दोन प्रकारचं मिळतं, टिन क्युअर आणि प्लॅटिनम क्युअर, म्हणजे ते सुकवणारं रसायन टिनचं की प्लॅटिनमचं एवढाच फरक. टिनवालं कशावरही जमतं पण ते हळूहळू आकसतं आणि साचा लवकर म्हातारा होतो. क्लिअर पार्टसाठी मी प्लॅटिनमच घेतो, त्यातही पारदर्शक घेतलं तर आत बुडबुडा अडकलाय का ते दिसतं आणि अतिनील (यूव्ही) उजेडाने सुकणाऱ्या यूव्ही रेझिनला उजेडही पोचतो.

पण प्लॅटिनमचे नखरे आहेत. गंधक त्याला चालत नाही, म्हणजे गंधक असलेली क्ले आणि लॅटेक्सचे हातमोजे दोन्ही बाद, आणि थ्रीडी प्रिंट केलेला मास्टर नीट धुऊन पूर्ण क्युअर केलेला नसेल तर त्याला चिकटून असलेलं सिलिकॉन चिकटच राहतं. एका मित्राने तीन आठवडे खपून टेललाइटचा मास्टर केला, शाळेतली असते तसली क्ले लावून तो बसवला, सिलिकॉन ओतलं, आणि दुसऱ्या दिवशी उघडलं तर मास्टरभोवती गुळाच्या पाकासारखा चिकट थर. मास्टर साफ करायला त्याला अजून दोन दिवस लागले. त्याने तो फसलेला साचा फेकला नाही, नवीन कोणी आलं की हातात देतो आणि म्हणतो बोट लावून बघ. त्या एका साच्याने आमच्यातल्या कितीतरी जणांचे मास्टर वाचवलेत. खात्री नसेल तर मास्टरच्या मागच्या बाजूला एक थेंब सिलिकॉन लावून रात्रभर ठेवा, सुकलं तर पुढे जा.

सपाट पाठ असलेल्या काचेसाठी कृती सोपी आहे. गुळगुळीत पट्टीवर मास्टर पाठीकडून चिकटवा, भोवती लेगोच्या ठोकळ्यांची भिंत करा, भिंत आणि मास्टर यांच्यात ८-१० मिलिमीटर जागा सोडा. सिलिकॉन डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच मिसळा, मग उंचावरून बारीक धारेने एकाच कोपऱ्यात ओतत राहा, त्याला स्वतःच चढू द्या, धार बारीक असली की बुडबुडे वाटेतच फुटतात. सुकलं की उलटं करून मास्टर काढा, वरून उघडी छोटी वाटी तयार.

रेझिन कुठलं

तीन पर्याय आहेत. इपॉक्सी हळू सुकतं, वास कमी, चुका माफ करतं, पण वर्षानुवर्षं उन्हात ठेवलं की पिवळं पडतं. क्लिअर पॉलियुरेथेन काचेसारखं स्वच्छ आणि कडक निघतं, पण ओलाव्याने त्यात फेस येतो आणि त्यातल्या आयसोसायनेट या घातक रसायनामुळे योग्य फिल्टरचा रेस्पिरेटर आणि मोकळी हवा याशिवाय त्याला हात लावू नये. यूव्ही रेझिन ४०५ नॅनोमीटरच्या टॉर्चखाली काही मिनिटांत सुकतं, २-३ मिलिमीटरपर्यंतच्या काचांसाठी फार सोयीचं. पहिल्यांदाच करत असाल तर माझं मत, इपॉक्सी किंवा यूव्ही, पॉलियुरेथेन नंतर. आणि कुठलंही घ्या, नायट्राइलचे हातमोजे घालाच. इपॉक्सीची ॲलर्जी एकदा झाली की जन्मभर राहू शकते, मग छंदच सोडायची वेळ येते.

ओतायची वेळ

इपॉक्सीची बाटली झाकण घट्ट लावून दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवा, पातळ झालं की बुडबुडे लवकर वर येतात. रेझिन आणि हार्डनर (ते कडक करणारा दुसरा भाग) यांचं लेबलवरचं प्रमाण वजनाने आहे की मापाने ते नीट वाचा, रेझिन आणि हार्डनरची घनता वेगळी असते त्यामुळे दोन्ही आकडे सारखे नसतात, आणि हार्डनर जास्त घातला की लवकर सुकेल ही समजूत चुकीची आहे, उलट काच मऊ राहते. लहान काचेला अर्धा ग्रॅमही पुष्कळ, पण तेवढंच मिसळायला गेलात तर वजनातली जराशी चूकही मोठी ठरते, म्हणून ८-१० ग्रॅम करा आणि उरलेलं दुसऱ्या साच्यांत जाऊ द्या. तीन मिनिटं सावकाश ढवळा, कडा आणि तळ खरवडत, मग ते दुसऱ्या स्वच्छ कपात ओतून परत एक मिनिट. दुसरा कप कंटाळवाणा वाटतो खरा, पण पहिल्या कपाच्या कडेला न मिसळलेलं रेझिन चिकटून असतं आणि काचेवर चिकट डाग येतात ते त्यानेच.

आधी टूथपिकने साच्याच्या आतल्या कडांना रेझिनचा पातळ हात फिरवा, मग थेंब थेंब भरा, वर किंचित फुगवटा येईपर्यंत. त्यावर ट्रान्सपरन्सी शीटचा, म्हणजे पातळ पारदर्शक प्लास्टिकचा, तुकडा एका बाजूने टेकवत हळूहळू आडवा करा, म्हणजे हवा दुसऱ्या बाजूने निघून जाते आणि पाठ एकदम सपाट चकचकीत येते. यूव्ही रेझिनमध्ये तर या शीटचा दुप्पट फायदा, हवेतला ऑक्सिजन लागला की त्याचा वरचा थर चिकट राहतो, शीटने तोही प्रश्न सुटतो.

बुडबुड्यांचं काय? प्रेशर पॉट (साचा हवेच्या दाबाखाली ठेवायचं भांडं) असेल तर ४५ पीएसआय, म्हणजे चौरस इंचाला ४५ पौंड, दाब पुरतो. एवढ्या दाबाखाली हवा साधारण एक चतुर्थांश जागेत मावते, उरलेली बरीचशी रेझिनमध्ये विरघळते, आणि सुकेपर्यंत दाब तसाच ठेवला तर बुडबुडा डोळ्याला दिसत नाही. पण एक गोष्ट लक्षात ठेवा, साचाही त्याच दाबाखाली सुकवलेला पाहिजे, नाहीतर सिलिकॉनच्या आत अडकलेले बुडबुडे दाबले जातात आणि काचेवर पुरळ आल्यासारखे उंचवटे येतात. मला हे कळायला चार साचे लागले, मी दोष रेझिनला देत होतो. आणि भांडं त्याच कामासाठी बनवलेलं, सेफ्टी व्हॉल्व्हवालंच घ्या, कुठल्याही बरणीत किंवा घरातल्या कुकरमध्ये हवा भरायचा प्रयोग चुकूनही करू नका. पॉट नसेल तरी अडत नाही, लहान काचांत कोमट रेझिन आणि टूथपिक एवढ्यावर दहातल्या सहा-सात चांगल्या निघतात.

लाल टेललाइटसाठी रेझिनमध्येच रंग मिसळा असं माझं म्हणणं, टूथपिकच्या टोकावर मावेल एवढाच. जाड भागात रंग गडद आणि कडेला फिका दिसतो, खऱ्या लाइटसारखा. पॉलियुरेथेनमध्ये मात्र अल्कोहोल किंवा पाण्यावर आधारलेला रंग घालू नका, फेस येतो. आधीच साधी काच ओतून बसला असाल तर मागून तामिया कंपनीचा एक्स-२७ क्लिअर रेड रंग लावा, इंडिकेटरला एक्स-२६ क्लिअर ऑरेंज.

काढणं आणि बसवणं

इपॉक्सी २४ तासांनी साच्यातून निघतं, पण पूर्ण कडक व्हायला आठवडाभर लागतो, तोवर घासू नका, कंपाउंडने चमक यायच्या ऐवजी काचच ओढली जाते. कडेचा जास्तीचा भाग ओल्या पेपरवर घासून काढा, कोरडी धूळ नाकात जायला नको. मास्टर नीट पॉलिश केला असेल तर पुढच्या बाजूला काहीच करावं लागत नाही. थोडी मंद वाटली तर ॲक्रिलिक फ्लोअर पॉलिशमध्ये बुडवा, टिश्यूवर टेकवून जास्तीचं शोषून घ्या आणि डब्याखाली झाकून ठेवा. चिकटवायला पांढरा पीव्हीए गोंद, तो पारदर्शक सुकतो. मागे चकचकीत फॉइलचा तुकडा लावला की हेडलाइट जिवंत वाटतो.

आता किस्से

एक साचा केला की त्यातून वीस-तीस काचा सहज निघतात, आणि तुम्हाला लागतात दोन. उरलेल्या वाटून टाका. आम्ही प्रत्येक काच छोट्या पिशवीत घालतो आणि सोबत चिठ्ठी, स्केल किती, व्यास किती, रेझिन कुठलं, प्रमाण काय, खोलीचं तापमान, आणि या आधी किती फसल्या व का. हे शेवटचं लिहायला लोक लाजतात पण घेणाऱ्याला तेच सगळ्यात जास्त कामाला येतं. "पहिल्या दोन चिकट राहिल्या, खोली १६ अंशावर होती" एवढी एक ओळ वाचून पुढचा माणूस खोली गरम करून बसतो. एक पथ्य पाळा, कोणी लहान प्रमाणावर स्वतः मास्टर बनवून पार्ट विकत असेल तर त्याच्या पार्टचा साचा करू नका, वाटायलाही नाही. त्या मास्टरमागे त्याचे महिने गेलेले असतात.

आणि काच मागणाऱ्याला विचारा की हीच गाडी का. मी आधी विचारायचो नाही, माप घ्यायचो आणि ओतून द्यायचो. मग एकदा एकाने हेडलाइटची जोडी मागितली, वडिलांच्या गाडीचं मॉडेल करत होता. मी दोन अगदी सारख्या, स्वच्छ काचा काढून दिल्या. तो बराच वेळ बघत राहिला, मग म्हणाला, आमच्या गाडीची डावी काच वेगळी होती, एकदा फुटली तेव्हा मिळेल ती बसवली होती, उजवीवर उभ्या रेघा होत्या आणि डावी साधी, समोरून गाडी आली की आम्ही पोरं त्यावरूनच ओळखायचो की बाबा आले. मग आम्ही दोघांनी बसून उजवीसाठी नवीन मास्टर केला, त्यावर सुईने बारा उभ्या रेघा ओढल्या, परत सिलिकॉन, परत रेझिन. डावी तीच आधीची ठेवली. त्या साच्याच्या पिशवीतल्या चिठ्ठीवर मापाच्या खाली त्याने स्वतःच्या अक्षरात लिहिलंय, फक्त उजवीकडे लावणे.