स्टिकर नको, नंबर बघा

इंदूरला आमच्या राजेंद्रनगरच्या अभ्यासिकेत दोन लॅपटॉप आहेत. एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे, सिल्व्हर मॉलमधल्या एकाच दुकानातून एकाच दिवशी घेतलेले, सेकंडहँड. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि विंडोज ११ या जुन्या प्रोसेसरवर बसेना, म्हणून मी दोन्हींवर विंडोजच्या जागी चालणारं, फुकट मिळणारं लिनक्स मिंट टाकलं. एकावर वायफाय लगेच लागलं. दुसऱ्यावर वायफायचं चिन्हसुद्धा दिसेना. जेल रोडवर एकाला दाखवला, तर त्यानं झाकण न उघडताच वायफायचं कार्ड गेलं म्हणून सांगितलं. कार्ड ठणठणीत होतं. फक्त आतली चिप वेगळी होती.

एकाच मॉडेलमध्ये कंपन्या कधी या चिपचं, कधी त्या चिपचं कार्ड बसवतात. त्यामुळे अमुक लॅपटॉपवर लिनक्स चालतं का, या प्रश्नाला नुसत्या स्टिकरवरच्या मॉडेलच्या नावावरून उत्तर देता येत नाही. नंबर लागतो. प्रत्येक कार्ड चालू होताना आपला नंबर सांगतं, लिनक्सचा कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, तो नंबर आपल्याकडच्या यादीत शोधतो आणि जुळला की ड्रायव्हर, म्हणजे ती वस्तू चालवणारा छोटा प्रोग्राम, स्वतःच जोडतो. बहुतेक ड्रायव्हर कर्नलबरोबरच येतात, म्हणून ड्रायव्हरची सीडी शोधायची वेळ सहसा येत नाही. नंबर जुळला नाही तर मात्र कर्नल गप्प बसतो, आणि माणसाला वाटतं वस्तूच बिघडली.

हे सगळं डिस्क पुसायच्या आधी तपासता येतं. पहिल्या वेळी मी ते केलं नव्हतं आणि रविवारची दुपार फुकट गेली. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर मिंट उतरवा, लॅपटॉप चालू करताना एफ १२ दाबा (काहींवर एफ ९ किंवा एस्केप), पेनड्राइव्ह निवडा. मिंट इन्स्टॉल न करता चालू होतं आणि तुमच्या डिस्कला हात लागत नाही. आता घाई करू नका. वायफाय जोडा, गाणं वाजवा, हेडफोन लावून काढा, कॅमेरा उघडा, स्क्रीनचा उजेड कमी-जास्त करा. झाकण मिटून दोन मिनिटांनी उघडा. हे शेवटचं लोक विसरतात, आणि झोपलेला लॅपटॉप जागा होत नाही ही तक्रार मग महिन्याभरानं येते.

काही चाललं नाही तर नंबर काढायचा. माझी भाची देवासला असते, तिला मी हे फोनवर सांगते, तसंच तुम्हाला सांगते. कंट्रोल, ऑल्ट आणि टी एकत्र दाबा, काळी खिडकी उघडेल. सगळी अक्षरं छोट्या लिपीतली. एल, एस, पी, सी, आय. मग एक जागा सोडा. मग छोटी आडवी रेघ आणि तिला चिकटून दोनदा एन, नागपूरचा एन. एंटर. यूएसबीला लावलेली वस्तू असेल तर नुसतं एल, एस, यू, एस, बी.

पंधरा-वीस ओळी येतील. त्यात ‘नेटवर्क कंट्रोलर’ ही ओळ शोधा. तिच्यात चौकोनी कंस दोन असतात. पहिल्यातला आकडा फक्त वस्तूचा प्रकार सांगतो, तो सोडून द्या. ज्या कंसात मध्ये कोलन आहे तो आपला. कोलनच्या आधीची चार अक्षरं चिप बनवणाऱ्याची, नंतरची चार त्या चिपची. ८०८६ म्हणजे इंटेल. १९७८ च्या त्यांच्या प्रोसेसरचा आकडा अजून तिथे दिसतो आणि मला दर वेळी बरं वाटतं. १०ईसी म्हणजे रिअलटेक, १६८सी अ‍ॅथेरॉस, १४ई४ ब्रॉडकॉम, १०डीई एनव्हिडिया. आमच्या चाललेल्या लॅपटॉपमध्ये १६८सी:००३६ होतं, दुसऱ्यात १४ई४:४३६५. हे आठ अक्षरांचं जोडनाव आणि ‘लिनक्स’ हा शब्द एकत्र शोधलात की नेमकं उत्तर मिळतं. लॅपटॉपचं नाव टाकून शोधलंत तर शंभर वेगळ्या लोकांच्या शंभर वेगळ्या अडचणी समोर येतात.

१४ई४:४३६५ या चिपचा ड्रायव्हर कर्नलमध्ये नाही. तो ब्रॉडकॉमचा स्वतःचा आहे, त्याचा सोर्स, म्हणजे मूळ कोड, पूर्ण खुला नाही, म्हणून तो वेगळा घ्यावा लागतो. पण वायफाय नसताना वायफायचा ड्रायव्हर उतरवायचा कसा? अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या केबलनं लॅपटॉपला जोडा आणि फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. लिनक्सला तो फोन साध्या वायरच्या नेटवर्कसारखा दिसतो, काही टाकावं लागत नाही. केबल मात्र डेटा नेणारी हवी. काही स्वस्त केबल फक्त चार्ज करतात. नेट आलं की मिंटच्या मेन्यूतून ड्रायव्हर मॅनेजर उघडा, ब्रॉडकॉमच्या नावापुढचं वर्तुळ निवडा, अप्लाय करा.

इथे एक जागा अशी आहे की तिथे मी स्वतः दोनदा चुकले. लॅपटॉपवर सिक्युअर बूट (अनोळखी प्रोग्राम अडवणारी सोय) चालू असेल तर ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात, किमान ८ अक्षरी. तो कागदावर लिहा. रीस्टार्ट केल्यावर निळा पडदा येतो आणि कुठलंही बटण दाबा म्हणतो. तो काही सेकंदच थांबतो. तुम्ही चहा आणायला गेलात तर लॅपटॉप पुढे निघून जातो, आणि ड्रायव्हर असूनही वायफाय चालत नाही. म्हणून समोर बसून राहा. बटण दाबा. यादीत पहिलं ‘कंटिन्यू बूट’ असतं, ते नको. खालचं ‘एनरोल एमओके’ घ्या, मग ‘कंटिन्यू’, मग ‘येस’, तो पासवर्ड, आणि रीबूट. हे जमत नसेल आणि लॅपटॉपवर फक्त लिनक्सच असेल, तर बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन सिक्युअर बूट बंद करा.

नंबर बरोबर, ड्रायव्हर आहे, तरी वायफाय नाही? मग काळ्या खिडकीत आर, एफ, के, आय, एल, एल आणि पुढे एक जागा सोडून ‘लिस्ट’ हा इंग्रजी शब्द लिहून बघा. ‘हार्ड ब्लॉक्ड’पुढे येस असेल तर वायफाय बटणानंच बंद आहे; लॅपटॉपच्या कडेचं बटण किंवा कीबोर्डवरची विमानाची खूण बघा. विंडोजही ठेवणार असाल तर तिथलं फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असताना विंडोज पूर्ण बंद होतच नाही, आणि डिस्क, कधी कधी वायफायही, अर्धवट अवस्थेत लिनक्सच्या हाती येतं.

वायफायचा यूएसबी डोंगल घेताना खोक्यावरची आवृत्ती वाचा. टीपी-लिंकच्या डब्ल्यूएन ७२२एन या डोंगलच्या पहिल्या आवृत्तीत अ‍ॅथेरॉसची चिप होती, दुसऱ्यापासून रिअलटेकची; नाव तेच, चित्र जवळपास तेच. दुकानदाराला चिप विचारली तर तो गोंधळतो, पण आवृत्ती खोक्यावर छापलेली असते.

प्रिंटरचं सोपं झालंय. जे नवे प्रिंटर फोनवरून थेट छापतात, ते लिनक्सवरही सहसा ड्रायव्हरशिवाय चालतात. एचपीचा जुना लेसरजेट १०२० मात्र कितीतरी दुकानांत आणि घरांत आहे, आमच्याकडेही. त्याचं फर्मवेअर, म्हणजे तो चालवणारा आतला प्रोग्राम, प्रिंटरमध्ये टिकून राहत नाही, दर वेळी चालू केला की कॉम्प्युटरनं ते भरावं लागतं. त्यासाठी एचपीलिपचं (एचपीच्या लिनक्ससाठीच्या प्रिंटर-सॉफ्टवेअरचं) प्लगइन एकदा उतरवा: काळ्या खिडकीत एचपी, आडवी रेघ, प्लगइन, सगळं सलग. नंतर आधी लॅपटॉप चालू करायचा, मग प्रिंटर. थोड्या वेळानं आतून घरघर ऐकू येते, ती थांबेपर्यंत छापायला देऊ नका.