बेस गिटारसाठी मल्टी-इफेक्ट्स पेडल निवडताना

असे पेडल, म्हणजे आवाजाला वेगवेगळी रूपे देणारे पायाने चालवायचे यंत्र, पाहायला दुकानात जाताना स्वतःची बेस गिटार सोबत न्यावी, कारण पिकअप (तारांची कंपने टिपणारा गिटारचा भाग) बदलला की तेच पेडल वेगळे वाजते. सर्वांत आधी ड्राइव्ह (आवाज खरखरीत करणारा इफेक्ट) लावून सर्वांत जाड तार मोकळी छेडावी. या ई स्वराची मूळ कंपनसंख्या सुमारे ४१ हर्ट्झ असते, आणि साध्या गिटारसाठी बनवलेल्या अनेक ड्राइव्हमध्ये नेमका हाच तळ नाहीसा होऊन नुसती पातळ गुणगुण उरते. म्हणून मूळ स्वच्छ आवाज हवा तेवढा मिसळू देणारी ब्लेंडची सोय ज्यात आहे, तेच पेडल घ्यावे. ती नसेल, तर शंभर इफेक्टही माझ्या मते कामाचे नाहीत. ऑक्टेव्हर (स्वराला खालच्या सप्तकातल्या स्वराची जोड देणारा इफेक्ट) तपासताना त्याच तारेवर खालचे स्वर सावकाश वाजवावेत आणि आवाज डगमगतो का, ते ऐकावे. कॉम्प्रेसर (आवाजाची पातळी समतोल ठेवणारा) व ट्यूनर (तारा सुरात लावायला मदत करणारा) मात्र रोज लागतात, ते पायाशी चटकन सापडले पाहिजेत.

पुण्यात फिरोदिया करंडकासारख्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत किंवा एखाद्या कॅफेत बेसचा अँप मिळेलच असे नाही. अशा ठिकाणी एक्सएलआर डीआय आउटपुट (मिक्सरला थेट आवाज देणारी तीन पिनांची जोडणी) आणि कॅबिनेट सिम्युलेशन (अँपच्या स्पीकरच्या आवाजाची नक्कल) असलेले पेडल थेट मिक्सरला जोडता येते. झूम बी१ फोरसारखे छोटे पेडल चार डबल-ए सेलवरही चालते, त्यामुळे ते घरच्या रियाजाला सोयीचे पडते. परंतु त्यात एक्सएलआर नाही, तेव्हा रंगमंचासाठी वेगळा डीआय बॉक्स (हीच जोडणी देणारी छोटी पेटी) खर्चात धरावा. अडॅप्टर कंपनीने सांगितलेलाच वापरावा, कारण व्होल्टेज जुळले तरी ध्रुव उलटे असल्यास पेडल बिघडू शकते.