बर्फ गेल्यावर पहिला गळ : मिनेसोटातल्या तळ्यांवर एप्रिलमध्ये क्रॅपी कशी धरावी

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, मिनिआपोलिस शहराजवळचं लेक मिनेटोंका हे तळं २०२४ साली मार्चच्या मध्यालाच बर्फातून मोकळं झालं. २०१८ साली त्याच तळ्यावरचा बर्फ पुरता जायला ५ मे उजाडला होता. तळं तेच, पण फरक सात आठवड्यांचा. म्हणून मिनिआपोलिसकडे नव्यानं आलेलं कुणी “मासे धरायला एप्रिलच्या कितव्या आठवड्यात जायचं?” असं विचारतं, तेव्हा मी त्यांना आधी दोरीला बांधून पाण्यात सोडता येईल असा एक साधा थर्मामीटर घ्यायला सांगतो. रॉड आणि रील त्यानंतर. वसंतात काठावर कुठं उभं राहायचं, किती वाजता जायचं, गळ किती खोल सोडायचा, हे सगळं पाण्याच्या तापमानावर ठरतं, तारखेवर नाही.

इथं मी मुख्यतः क्रॅपीबद्दल लिहितोय. तळहाताहून थोडा मोठा, चपटा, रुपेरी अंगावर काळे ठिपके असलेला हा मासा. बर्फ गेल्यावर काठाजवळ सगळ्यात आधी येणाऱ्यांपैकी तो एक आहे, होडी नसली तरी हाती लागतो आणि खायला उत्तम. सोबत ब्लूगिल (सनफिश गटातला लहान, चपटा मासा) आणि यलो पर्चही मिळतात.

आधी परवाना

मिनेसोटात १६ वर्षं पूर्ण झालेल्या माणसाला मासेमारीचा परवाना लागतो. परवान्याचं वर्ष १ मार्चला सुरू होतं, त्यामुळे गेल्या उन्हाळ्यात काढलेला वार्षिक परवाना एप्रिलमध्ये चालत नाही. राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाच्या, म्हणजे डीएनआरच्या, संकेतस्थळावर तो काही मिनिटांत निघतो. आमिषाच्या दुकानातही मिळतो.

क्रॅपी, सनफिश आणि पर्च यांचा हंगाम वर्षभर खुला असतो. वॉलआय आणि नॉर्दर्न पाइक या मोठ्या शिकारी माशांचा मात्र राज्यातल्या आतल्या तळ्यांवर फेब्रुवारीच्या अखेरीपासून मेच्या मध्यापर्यंत बंद असतो, कारण हेच त्यांचे अंडी घालण्याचे दिवस. बर्फ सुटल्या सुटल्या पाइक ओहोळांत आणि पाणथळ गवतात चढतात. गुडघाभर पाण्यात हातभर लांबीचा मासा डोळ्यांसमोर दिसतो आणि हात शिवशिवतात. त्याला हात लावू नका. चुकून गळाला लागलाच तर पाण्याबाहेर न काढता तिथंच सोडवा, गळ खोल गेला असेल तर दोरा कापा.

मोकळ्या पाण्यात एका माणसानं एकच दोरी टाकायची, असा मिनेसोटाचा सर्वसाधारण नियम आहे. शेजारच्या विस्कॉन्सिनमध्ये तीन चालतात. किती मासे ठेवता येतात याची मर्यादा काही तळ्यांवर राज्यापेक्षा कडक असते, म्हणून डीएनआरच्या पुस्तिकेत आपल्या तळ्याचं नाव शोधून बघा. धक्क्यावर पाटी असेल तर तीही वाचा.

बर्फ पूर्ण जाऊ द्या

मार्चअखेरचा बर्फ जाड असला तरी कमकुवत असतो. उन्हानं त्याचे उभे स्फटिक एकमेकांपासून सुटतात, रंग राखाडी-काळपट होतो आणि फूटभर जाडीचा थरसुद्धा पायाखाली भुगा होऊन कोसळू शकतो. काठाकडचा बर्फ सगळ्यात आधी सुटतो. म्हणून मधला भाग पांढरा दिसला तरी त्यावर पाऊल ठेवायचं नाही. काठालगत पाण्याचा पट्टा मोकळा झाला असेल, तर काठावरून किंवा धक्क्यावरून गळ टाकता येतो. त्या पट्ट्यात मासा असतोही. होडी मात्र बर्फ पूर्ण गेल्याशिवाय नको. वाऱ्यानं सरकणाऱ्या बर्फाच्या लाद्या होडी आणि काठ यांच्यामध्ये येऊन बसल्या तर परतीची वाट बंद होते.

तळ्याच्या पोटात काय चाललंय

पाणी सगळ्यात जड असतं ते ४ अंश सेल्सिअसला, म्हणजे ३९ अंश फॅरनहाइटला. हिवाळ्यात बर्फाखालचं पाणी शून्याच्या आसपास असतं आणि तळाशी ४ अंशांच्या जवळपासचं. बर्फ गेला की वरचं पाणी तापून ४ अंशांवर येतं, वरचं आणि खालचं सारख्याच वजनाचं होतं, आणि जोराचा वारा सुटला की सगळं तळं ढवळून निघतं. महिनोन् महिने बर्फाखाली कोंडलेल्या पाण्यात पुन्हा प्राणवायू खेळतो.

पुढचे दोन-तीन आठवडे मुख्य तळं गारच राहतं. पण उथळ कोपरे भराभर तापतात. चिखलातून डासांसारख्या किड्यांच्या लाल अळ्या वर येऊ लागतात, त्यांच्यामागे बारीक मासळी येते आणि तिच्यामागे क्रॅपी. हे तिचे अंडी घालण्याचे दिवस नव्हेत. त्यासाठी पाणी १६ अंशांच्या (६० फॅ.) वर जावं लागतं, आणि ते मेच्या उत्तरार्धात किंवा जूनमध्ये. एप्रिलमधली क्रॅपी भुकेपोटी काठाला आलेली असते. पाणी गार झालं की ती जशी आली तशी परत जाते.

कोपरा निवडणं

दिवसाचं यश साठ-सत्तर टक्के इथंच ठरतं, असं माझं मत आहे. म्हणून घाई करू नका.

घरून निघण्यापूर्वी तळ्याचा नकाशा उघडा. डीएनआरच्या लेकफाइंडर पानावर हजारो तळ्यांची माहिती आहे, आणि बऱ्याच तळ्यांच्या खोलीचे नकाशेही. पहिली नजर उत्तरेच्या आणि वायव्येच्या काठावर टाका. इथं सूर्य दक्षिणेकडून तिरपा येतो, त्यामुळे उत्तरेच्या काठाला दिवसभर ऊन मिळतं. शिवाय मागच्या झाडीमुळे उत्तरेचा गार वारा तिथं अडतो. त्या काठावर दोन-चार फूट खोलीचा, आत घुसलेला एखादा फाटा दिसला तर त्यावर खूण करा. तळ काळ्या गाळाचा असेल तर फार चांगलं, कारण गाळ ऊन शोषतो आणि वाळूपेक्षा लवकर तापतो. गेल्या वर्षीची वाळकी लव्हाळी आणि पाणकणसं पाण्यात उभी असतील तर त्यांच्या बुडाशी मासा दबून असतो. दोन तळ्यांना जोडणारे कालवे, होड्या बांधायच्या बंदिस्त जागा, पुलाखालची उथळ जागा, हेही बघून ठेवा. मिनिआपोलिस शहरात लेक ऑफ द आइल्स आणि बीडे माका स्का यांना जोडणारा कालवा आहे. तिथं पायी पोहोचता येतं, तसला काठ नवशिक्याला सोयीचा.

कोकणात खाडीवर गरी टाकून वाढलेल्या माणसाला भरती-ओहोटीचं गणित पाठ असतं. इथं तेच काम ऊन आणि वारा करतात. दक्षिणेचा उबदार वारा दोन दिवस वाहिला की वरचं तापलेलं पाणी उत्तरेच्या काठाला जाऊन साचतं. अशा वेळी तोंडावर वारा घेऊन उभं राहावं लागलं तरी तिथंच उभं राहा. उत्तरेचा वारा सुटला, रात्री पुन्हा पाणी गोठलं, तर क्रॅपी उथळ सोडून फाट्याच्या तोंडाशी जिथं तळ एकदम खाली जातो तिथं, आठ ते पंधरा फुटांवर जाऊन थांबते. मग काठावर हटून बसण्यात अर्थ नसतो.

तळ्यावर पोहोचल्यावर थर्मामीटर काढा. मुख्य पाण्याचं तापमान घ्या, मग फाट्याच्या तोंडाशी, मग आतल्या टोकाला. मुख्य तळं ६ अंश आणि आतला कोपरा १० अंश, असा फरक सापडला तर थांबा आणि गळ टाका. दोन अंशांचा फरकही पुरतो. सगळीकडे सारखंच तापमान लागलं तर कोपरा बदला.

वेळ दुपारची. पहाटे उठून जायची उन्हाळ्यातली सवय इथं उपयोगाची नाही, कारण रात्रभर निवलेलं पाणी सकाळी सगळ्यात गार असतं. लख्ख उन्हाचा दिवस, त्यातही लागोपाठ दुसरा किंवा तिसरा, आणि दुपारी दोन ते सूर्यास्त हा वेळ धरा. नोकरी करणाऱ्यांना हे सोयीचंच आहे.

सामान

साडेसहा-सात फुटांचा हलका रॉड, छोटं स्पिनिंग रील, चार पौंड ताण सोसणारा मोनोफिलामेंट (एकपदरी नायलॉन) दोरा. एक बत्तिसांश औंसाचे, म्हणजे जेमतेम ग्रॅमभराचे जिग (डोक्याशी वजन असलेले गळ), पांढऱ्या, गुलाबी आणि पिवळट हिरव्या रंगात. एक लहान बॉबर, म्हणजे दोऱ्याला बांधलेला, चावा दाखवणारा तरंगता तुकडा, शक्यतो काडीसारखा बारीक. जाडा दोरा आणि लिंबाएवढा लाल-पांढरा बॉबर घेतलात तर गार पाण्यातला हलका चावा कळणारच नाही. आमिषाला जिवंत मिनो (बारीक मासे) किंवा मेणकिडे (एक प्रकारच्या अळ्या), दोन्ही दुकानात मिळतात.

वजनासाठी शिसं नको. कथील, टंगस्टन किंवा बिस्मथचे शिसे-विरहित तुकडे थोडे महाग पडतात, पण घ्याच. बर्फ सुटतो त्याच दिवसांत लून पक्षी या तळ्यांवर परततात. तळाचे खडे गिळताना शिशाचा एखादा तुकडा पोटात गेला तर तेवढाही लूनचा जीव घ्यायला पुरतो. मिनेसोटाचा हा राज्यपक्षी आहे, आणि ज्याच्या हाकेनं इथला वसंत सुरू होतो त्याला आपल्या चार आण्यांच्या बचतीपायी मारणं मला तरी बघवणार नाही.

गळ टाकणं आणि चावा ओळखणं

बॉबरपासून जिग दीड-दोन फूट खाली राहील असं बांधा. पाणी चार फूट असलं तरी तळाला टेकवू नका. क्रॅपीचे डोळे वरच्या बाजूला बघणारे असतात. तिच्या डोक्यावरून गेलेलं आमिष ती उचलते, पोटाखालून गेलेलं तिला बहुधा दिसत नाही.

लव्हाळ्याच्या कडेपलीकडे टाका, हलके मागे ओढून कडेशी आणा आणि सोडून द्या. पाण्यावरची वलयं पुरती विरू द्या. मग रीलचा अर्धा फेरा, पुन्हा थांबा. मनात दहा-पंधरा आकडे मोजा. गार पाण्यात माशाचं शरीर मंद चालतं, तो पाठलाग करत नाही. हात सारखा हलवत राहणाऱ्याला एप्रिलमध्ये काही मिळत नाही.

चाव्याचा प्रकार नीट समजून घ्या. बॉबर गपकन बुडेल अशी वाट बघत बसू नका. क्रॅपी खालून येते, जिग तोंडात घेते आणि तशीच थोडी वर जाते. जिगचं वजन दोऱ्यावरून उतरतं आणि आतापर्यंत उभा असलेला बारीक बॉबर हळूच कलतो, पाण्यावर आडवा पडतो. काही वेळा नुसता एका अंगाला सरकतो, तेही वाऱ्याच्या उलट. कललेला बॉबर म्हणजे चावा. झटका देऊ नका, कारण तिच्या तोंडाच्या कडेची कातडी कागदासारखी पातळ असते, जोर लागला की फाटते. रॉड सावकाश वर उचला, दोरा ताठ ठेवा आणि एका लयीत गुंडाळत या. काठाशी आल्यावर छोटी जाळी खाली धरा.

एक मिळाली की तिथंच टाकत राहा. क्रॅपी थव्यानं हिंडते. वीसेक मिनिटं काहीच हालचाल नसेल तर जिग सहा इंच वर-खाली करून बघा, मग जागा बदला.

थंड पाण्याचा धाक ठेवा

हवा १८ अंशांवर गेली की लोक टी-शर्टवर येतात, पण पाणी अजून ५-६ अंशांचंच असतं. अशा पाण्यात पडल्यावरचा १-१०-१ हा क्रम पाठ करा : पहिलं मिनिट श्वास आवरायला लागतं, पुढची सुमारे दहा मिनिटं हातपाय कामाचे राहतात, आणि बेशुद्धी यायला साधारण तास लागतो. म्हणजे माणूस गारठून जाण्याच्या कितीतरी आधी, धाप लागून किंवा हात चालेनासे होऊन बुडतो. उत्तम पोहता येतं म्हणून इथं कुणी सुरक्षित नसतं. होडीत लाइफ जॅकेट अंगावर घातलेलंच हवं. बाकाखाली ठेवलेलं उपयोगी पडत नाही. धक्क्यावर मुलं असतील तर त्यांनाही घाला, कारण संध्याकाळी ओल्या फळ्यांवर बर्फाची साय धरते. कोरड्या कपड्यांचा एक जोड गाडीत असू द्या.

काय ठेवायचं, काय सोडायचं

मर्यादेत बसतात म्हणून सगळे मासे ठेवायची गरज नाही. नऊ-दहा इंचांची क्रॅपी तव्यासाठी योग्य. त्याहून मोठ्या सोडून द्या. ब्लूगिलच्या बाबतीत तर हे कटाक्षानं पाळा. मोठे नर घरटं राखतात, ते एकामागून एक काढून नेले की राहिलेले नर लहान असतानाच वयात येतात आणि काही वर्षांत तळ्यात सगळे बोटभर ब्लूगिल उरतात. सोडताना हात ओले करून धरा.

निघताना होडीचं बूच काढून पाणी सांडा, रॉडला किंवा होडीला चिकटलेलं शेवाळ-गवत तिथंच काढून टाका. मिनोच्या डब्यात तळ्याचं पाणी घेऊन निघायचं नाही. मिनो ठेवायचे असतील तर घरून आणलेलं पाणी भरा. उपद्रवी झेब्रा शिंपल्यांची अळी डोळ्यांना दिसत नाही, ती अशाच पाण्यातून तळ्यातळ्यांत पसरते. उरलेले मिनो तळ्यात ओतू नका. उरलेली गांडुळंही झाडाखाली सोडू नका, कचऱ्यात टाका. आपल्याकडे गांडूळ शेतकऱ्याचा मित्र, पण हिमयुगात बर्फाखाली गेलेल्या इथल्या रानांत मूळची गांडुळंच नाहीत. बाहेरून आलेली गांडुळं जमिनीवरचा पाचोळा खाऊन संपवतात आणि रानफुलांची रोपं उघडी पडतात.

तव्यावर

गोड्या पाण्यातला मासा मातकट लागतो, अशी आपल्याकडच्या खवय्यांची तक्रार असते. एप्रिलच्या गार पाण्यातली क्रॅपी एकदा करून बघा. धरल्याबरोबर बर्फात ठेवा, घरी येताच दोन्ही बाजूंचे तुकडे काट्यावरून सोडवून घ्या, कातडी काढा, बरगडीचे काटे तिरपी सुरी लावून कापून टाका. मग हळद, मीठ, लाल तिखट, आलं-लसूण आणि कोकमाचं आगळ लावून पंधरा मिनिटं ठेवा. जास्त नको, मांस नाजूक असतं. रवा आणि थोडी तांदळाची पिठी यांत घोळवून बिडाच्या तव्यावर दोन-दोन मिनिटं परता. ब्लूगिल लहान असेल तर खवले काढून, पोट साफ करून, दोन्ही अंगांना चिरा देऊन अख्खाच तळा. गरोदर बाईच्या आणि लहान मुलांच्या ताटात वाढताना क्रॅपी-ब्लूगिल मोठ्या वॉलआय-पाइकपेक्षा बरे, कारण मोठ्या शिकारी माशांत पारा जास्त साठतो. आठवड्याला किती खावे याचा तळ्यानुसार तक्ता मिनेसोटाच्या आरोग्य विभागाकडे मिळतो.