गावाकडं ऑटिस्टिक (स्वमग्न) मोठ्या माणसांची बैठक कशी घ्यायची

बाजाराच्या दिवशी ठेवू नका बापा, भोंगे, एसटीचे हॉर्न, गर्दी, आपल्यासारख्याचं डोकंच बंद पडते. रविवारी शाळेची खोली मागा, ट्यूबलाइट फडफडत असन तर बंद करा, खिडक्या उघडा. काय काय बोलायचं ते आदल्या दिवशीच व्हॉट्सअपवर टाका. कोणाले बोलवत नसन तर लिहून देऊ द्या, डोळ्यात पाहून बोल म्हणू नका. मायबाप येतील, येऊ द्या, पण आधी आपण बोलायचं मंग ते, नाहीतर सारा वेळ याचं लग्न कसं होईल यातच जाते (माह्या घरी तर रोजच तेच). मंग कामाचं: 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, यूडीआयडी कार्डाचा (दिव्यांगाचं सरकारी ओळखपत्र) अर्ज ऑनलाइन होते, कोणाचा राहिला असन तर तिथंच मोबाइलवर भरून टाका.